राणीछाप रुपया

राणीछाप रुपया हे ब्रिटिश भारतात राणी व्हिक्टोरियाची मुखप्रतिमा घेऊन प्रचलित झालेल्या चांदीच्या रुपयाचे मराठीतील लोकप्रचलित नाव होय. व्यवहारात हे नाव अनेकदा सैलपणे वापरले जाते आणि चौथा विल्यम, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज व सहावा जॉर्ज यांच्या काळातील चांदीचे रुपयेही त्यात मोजले जातात. १८३५ ते १९३९ या शतकाहून अधिक काळात या नाण्याचे वजन (११.६६ ग्रॅम) आणि शुद्धता (बारा भागांत अकरा भाग चांदी) कायम राहिली. देवघरात, दागिन्यांत आणि पुरून ठेवलेल्या गाडग्यांत हे नाणे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजही मोठ्या संख्येने आढळते. यामुळेच जुन्या नाण्यांच्या लिलावांत मिळालेल्या मोठ्या रकमांच्या बातम्या आल्या की 'आपल्या घरातल्या रुपयाची किंमत किती?' हा प्रश्न उभा राहतो. लिलावातील किंमत हीच नाण्याची खरी किंमत मानावी की नाही, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत.

## नाव

टांकसाळीत यंत्रावर पाडलेल्या, काठाला खाचा असलेल्या रुपयास 'कलदार' म्हणत. 'कल' म्हणजे यंत्र. सुटा न केलेला, अखंड रुपया तो 'बंदा रुपया'. व्हिक्टोरियाची प्रतिमा असलेल्या नाण्यास 'राणीछाप' आणि एडवर्ड वा जॉर्ज यांच्या नाण्यास 'राजाछाप' असा भेद जुनी माणसे करीत. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत. 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार याच हिशेबातून आला. नाणे दगडावर वाजवून पारखण्याच्या पद्धतीतून 'खणखणीत नाणे' ही शब्दयोजना रूढ झाली.

## इतिहास

### पूर्वीचे रुपये

पेशवाईच्या काळात पुणे, चाकण, चांदवड, बागलकोट अशा अनेक ठिकाणच्या टांकसाळींत रुपये पाडले जात. त्यांवर बहुधा मुघल बादशहाचेच नाव फारसीत असे आणि टांकसाळीची ओळख एखाद्या चिन्हावरून होई. पुणे भागातील 'अंकुशी' रुपया त्यावरील अंकुशाच्या चिन्हामुळे या नावाने ओळखला जाई. प्रत्येक रुपयाचे वजन व कस थोडा वेगळा असल्याने एका प्रदेशातील नाणे दुसऱ्या प्रदेशात घेताना बट्टा द्यावा लागे आणि सराफ व पोतदार यांच्या पारखेवर सारा व्यवहार अवलंबून असे. कंपनीच्या मुलुखातही मुंबईकडे सुरती, मद्रासकडे अर्काटी व बंगालकडे सिक्का असे निरनिराळे रुपये चालत.

### १८३५ चा एकसमान रुपया

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३५ च्या कायद्याने हा गोंधळ संपवला. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून १८० ग्रेन वजनाचा, ११/१२ शुद्धतेचा एकच रुपया कंपनीच्या सर्व प्रदेशांसाठी ठरला. तोळ्याचे वजनही याच १८० ग्रेनांवर बांधलेले असल्याने एक रुपया म्हणजे एक तोळा असे समीकरण झाले. खेडोपाडी दुकानदार रुपयाचाच वजन म्हणून उपयोग करीत आणि ८० रुपयांच्या वजनाचा एक शेर धरीत.

पहिल्या रुपयावर चौथ्या विल्यमची व १८४० पासून व्हिक्टोरियाची प्रतिमा आली. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार संपून सत्ता राणीच्या सरकारकडे गेली, तेव्हा १८६२ च्या नाण्यावरून कंपनीचे नाव गेले; 'क्वीन' ही पदवी मात्र पूर्वीप्रमाणेच राहिली. १८७७ पासून तिच्या जागी 'एम्प्रेस' ही पदवी दिसू लागली.

### रुपया आणि चांदीची घसरण

१८९३ पूर्वी कोणीही खासगी व्यक्ती टांकसाळीत चांदी देऊन, ठरावीक आकार भरून, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे रुपयाचे मोल त्यातील चांदीच्या मोलाइतकेच राही. १८७० नंतर जर्मनीसह अनेक देशांनी सुवर्णचलन स्वीकारले व चांदीचा भाव जगभर कोसळू लागला. पूर्वी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९० च्या दशकात त्याहून बराच खाली आला. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे एका पौंडास १५ रुपये, असा स्थिर केला. तेव्हापासून रुपयाचे दर्शनी मोल व त्यातील चांदीचे मोल यांची फारकत झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध याच स्थित्यंतराची चिकित्सा करतो.

### शेवट

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्याने १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त होते. जुने शुद्ध चांदीचे रुपये लोक दडवू लागल्यामुळे १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड व जॉर्ज यांचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द करण्यात आले. त्यानंतर रुपया निकेलचा झाला. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपयाही निकेलचाच आहे; त्यात चांदी नाही.

## शिरूर व दौंड परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर (घोडनदी) आणि दौंड हे तालुके राणीछाप रुपयाच्या सामाजिक इतिहासाशी निकटचा संबंध राखून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर येथे कंपनीच्या फौजेची छावणी होती. १८०९ मध्ये मृत्यू पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेस यांची समाधी तेथे आहे. फौजेच्या पगारामुळे व बाजारामुळे या भागात रोख नाण्याचा वापर वाढला. दौंड हे भीमेकाठचे गाव रेल्वेमुळे मोठे झाले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड–मनमाड मार्गाने ते जंक्शन बनले आणि धान्य, गूळ व कापूस यांच्या रोखीच्या व्यापाराशी जोडले गेले.

रयतवारी पद्धतीत शेतसारा रोख रुपयांत भरावा लागे. पीक हाती आले की भाव पडलेले असत, आणि साऱ्याचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच द्यावा लागे. म्हणून शेतकरी सावकाराकडे जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) कापसाला मोठा भाव आला, मुंबईत चांदीचा ओघ लागला आणि शेतकऱ्यांना कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. कर्जाचा आकडा रुपयांत तसाच राहिला, परंतु तो फेडण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक धान्य विकावे लागू लागले.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी १५० रुपयांच्या व्यवहारावरून एका सावकाराने देशमुखांच्या घराचा ताबा घेतला. त्यानंतर गावकऱ्यांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे (तेव्हाचा भीमथडी तालुका, आता बारामती तालुका) बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तेथून 'दख्खनचे दंगे' पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. ती जाळली गेली. या दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला व १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात लोकांनी अंगावरचे चांदीचे दागिने विकले व ती चांदी मोठ्या प्रमाणात मुंबईच्या टांकसाळीत येऊन तिचे रुपये झाले.

या पार्श्वभूमीवर या भागातील कुटुंबांकडे आज असलेली नाणी ही बहुधा संग्रह म्हणून जमवलेली नसून बचत म्हणून राहिलेली असतात. ती पुष्कळ हाताळलेली, झिजलेली, कधी भोक पाडलेली वा कडी डाखलेली असतात. लक्ष्मीपूजनात ती मांडली जातात व पूजेपूर्वी चिंच किंवा राख लावून घासली जातात. त्यांच्या संग्रहमूल्यावर या सर्व गोष्टींचा परिणाम होतो.

## प्रमुख प्रकार

* चौथा विल्यम: १८३५ सालाचा उल्लेख असलेला कंपनीचा रुपया.
* व्हिक्टोरिया, कंपनीचा काळ: १८४० सालाचा उल्लेख. प्रतिमेभोवतीचा मजकूर अखंड असलेला आणि दुभागलेला असे दोन उपप्रकार आहेत.
* व्हिक्टोरिया, 'क्वीन': १८६२ ते १८७६. नेहमीच्या वापरातील रुपयांवर १८७३ पर्यंत १८६२ हेच साल कायम ठेवले गेले. काही नाण्यांवरील बारीक ठिपक्यांवरून प्रत्यक्ष वर्षाचा अंदाज केला जातो. १८७४ पासून दरवर्षीचे साल येऊ लागले.
* व्हिक्टोरिया, 'एम्प्रेस': १८७७ ते १९०१.
* सातवा एडवर्ड: १९०३ ते १९१०. मुकुट नसलेली प्रतिमा.
* पाचवा जॉर्ज: १९११ ते १९२२ व १९३६ मधील काही नाणी.
* सहावा जॉर्ज: १९३८ व १९३९ ची जुन्या शुद्धतेची, आणि १९४० ते १९४५ ची निम्म्या चांदीची नाणी.

मुंबई व कलकत्ता या दोन मुख्य टांकसाळी होत्या. मद्रासची टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. टांकसाळीची खूण बारीक असते. मुंबईच्या नाण्यांवर काही काळ 'बी' हे अक्षर, तर पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर मागील बाजूस तळाशी उठावदार ठिपका आढळतो. कलकत्त्याच्या नाण्यांवर 'सी' किंवा कोणतीही खूण नसणे ही ओळख आहे. एकाच सालाच्या दोन नाण्यांच्या किमतीत मोठा फरक पडण्यास अनेकदा एवढीच खूण कारणीभूत असते.

### डुक्कर रुपया

१९११ च्या रुपयावरील पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्तीची आकृती होती. तिची सोंड आखूड दिसत असल्याने ती डुकरासारखी भासते अशी तक्रार झाली व सरकारने नाणे मागे घेतले. पाडलेल्या ९० लाखांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे ७ लाख नाणी वितरित झाली होती. उरलेली वितळवण्यात आली. पुढील वर्षापासून सोंड स्पष्ट दाखवलेला साचा वापरला गेला. या नाण्याची कथा प्रसिद्ध असल्याने त्याला नेहमी मागणी असते. तथापि वितरित झालेली संख्या लाखांत असल्याने ते अतिदुर्मीळ नाही.

## अमेरिकन चांदीच्या डॉलरशी संबंध

पहिल्या महायुद्धात भारतातून माल व सैन्य यांचा पुरवठा वाढला आणि त्याचे मोल रुपयांत चुकते करावे लागले. रुपयांची मागणी एवढी वाढली की चांदी अपुरी पडली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी रुपयाच्या नाण्याचे चित्र असलेली एक रुपयाची नोट काढण्यात आली व पाठोपाठ अडीच रुपयांचीही नोट आली. लोक मात्र नोटा देऊन नाणीच मागू लागले आणि १९१८ च्या वसंत ऋतूत सरकारचा चांदीचा साठा धोक्याच्या पातळीवर आला.

अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी सेनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून सरकारी साठ्यातील चांदीचे डॉलर वितळवण्यास मान्यता दिली. त्यानुसार २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी भारतासाठी ब्रिटनला औंसास एक डॉलर दराने विकण्यात आली. अमेरिकन डॉलर २६.७३ ग्रॅम वजनाचा व ९० टक्के शुद्धतेचा, म्हणजे त्यात सुमारे २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी. रुपयात ती १०.६९ ग्रॅम. एका डॉलरच्या चांदीत सुमारे सव्वादोन रुपये होत. या प्रमाणाने ही चांदी सुमारे ५८ कोटी रुपयांना पुरेशी होती.

या घटनेचा नाण्यांच्या आजच्या किमतींवर दुहेरी परिणाम झाला. अमेरिकेत कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले याची नोंद ठेवली गेली नव्हती, त्यामुळे टांकसाळीचा मूळ उत्पादन-आकडा आणि आज उरलेली संख्या यांत मेळ राहिला नाही. काही साले अनपेक्षितपणे दुर्मीळ झाली. भारतात मात्र याच काळातील, विशेषतः १९१८ ते १९२० चे रुपये सर्वांत सहज मिळणाऱ्या नाण्यांत मोडतात. दुसऱ्या महायुद्धातही भारताने अमेरिकेकडून सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली. चलनातून परत आलेल्या निम्म्या चांदीच्या नाण्यांतील चांदी गाळून ही परतफेड १९५७ पर्यंत करण्यात आली. त्यामुळे टांकसाळीतून किती नाणी निघाली यावरून किती उरली हे ठरवणे भारतीय नाण्यांबाबतही धोक्याचे ठरते.

## लिलावमूल्याविषयीचा वाद

चांदीच्या नाण्यांचे सर्वांत मोठे लिलाव अमेरिकन डॉलरांचे झाले आहेत. १७९४ चा एक डॉलर जानेवारी २०१३ मध्ये १,००,१६,८७५ डॉलरांना विकला गेला. '१८०४ चा डॉलर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाण्यांपैकी, मस्कतच्या सुलतानास भेट दिलेला नमुना १९९९ मध्ये ४१ लाख ४० हजार व ऑगस्ट २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरांना गेला. ही नाणी प्रत्यक्षात १८०४ मध्ये पाडलेली नव्हती. पहिली नाणी १८३४ च्या सुमारास परदेशी राजांना भेट देण्यासाठी पाडली गेली व आज अशी मोजकीच नाणी ज्ञात आहेत.

भारतात मुंबई, अहमदाबाद व बंगळुरू येथील लिलावगृहांत प्राचीन, मराठाकालीन व ब्रिटिश भारतातील नाण्यांची नियमित विक्री होते. अशा किमतींविषयी संग्राहकांत साधारणपणे पुढील भूमिका आढळतात.

### लिलावमूल्याच्या बाजूने

लिलाव खुला असतो, किंमत प्रसिद्ध होते आणि कोणीही बोली लावू शकतो. म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या किमतीपेक्षा ती अधिक विश्वसनीय, असे एक मत आहे. उत्तम स्थितीतील नाणे पुन्हा बाजारात येण्यास वीस-तीस वर्षे लागू शकतात. यामुळे त्या नाण्यासाठी दिलेली मोठी रक्कम केवळ हौस नसून संधीचे मोल असते, असे हे संग्राहक मानतात. किंमत वाढल्याने नाणी वितळवली जाण्याचे थांबते, हाही त्यांचा महत्त्वाचा मुद्दा आहे. चांदीचा भाव वाढला की साधी राणीछाप नाणी आटणीत जातात. संग्रहमूल्य धातुमूल्यापेक्षा अधिक असेल तरच ती टिकतात.

### लिलावमूल्याविरुद्ध

दुसऱ्या मताप्रमाणे लिलावातील किंमत दोन माणसे ठरवतात: जिंकणारा व त्याच्याशी शेवटपर्यंत झुंजणारा. दुसऱ्या दिवशी तसेच नाणे आले तर पहिला बोलीदार बाजूला झालेला असतो, आणि किंमत दुसऱ्याच्या मर्यादेपाशी थांबते. एका विक्रीवरून साऱ्या नाण्यांचा भाव लावणे म्हणून चुकीचे ठरते. विक्रेत्याच्या वतीने किंमत चढवण्यासाठी लावलेल्या खोट्या बोलीची शक्यताही दाखवून दिली जाते. हातोडा पडताना जाहीर झालेल्या रकमेवर खरेदीदारास लिलावगृहाचे शुल्क व कर द्यावे लागतात, तर विक्रेत्याच्या रकमेतून दलाली वजा होते. यामुळे बातमीतील आकडा विकणाऱ्याच्या हाती पडत नाही.

संग्रहातील समतोल हा तिसरा आक्षेप आहे. काठावरच्या दर्जाच्या फरकासाठी अनेक पट पैसे मोजले जाऊ लागले की साधारण उत्पन्नाचा अभ्यासू संग्राहक बाहेर फेकला जातो व नाणे अभ्यासाची वस्तू न राहता गुंतवणुकीची वस्तू बनते.

### मेळ घालणारे मत

बहुसंख्य अनुभवी संग्राहक एका विक्रीवर विसंबत नाहीत. त्याच सालाच्या, त्याच टांकसाळीच्या व त्याच दर्जाच्या नाण्याच्या गेल्या काही वर्षांतील अनेक विक्री पाहून ते मधली किंमत काढतात आणि सर्वांत वरची व सर्वांत खालची विक्री बाजूला ठेवतात. न विकल्या गेलेल्या नाण्यांची नोंदही ते तितकीच महत्त्वाची मानतात.

## मूल्य ठरविणारे घटक

### धातुमूल्य

कोणत्याही राणीछाप रुपयाची किमान किंमत म्हणजे त्यातील चांदीचे मोल. ११.६६ ग्रॅम वजनाला ०.९१७ ने गुणल्यास १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी मिळते. उदाहरणादाखल चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली तर झीज न झालेल्या रुपयाचे धातुमूल्य सुमारे १,०६९ रुपये येते. १९४० ते १९४५ च्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच असल्याने त्याच भावाने ५८३ रुपये येतात. झिजलेल्या नाण्याचे प्रत्यक्ष वजन करूनच हिशेब करावा लागतो.

### दुर्मीळता

जुनेपणा व दुर्मीळता या भिन्न गोष्टी आहेत. १८४० वा १८६२ सालाचा रुपया जुना असूनही विपुल आहे. उलट १९३९ चा रुपया शंभर वर्षांचाही नाही, परंतु त्याची फार थोडी नाणी बाहेर राहिल्याने तो या मालिकेतील सर्वाधिक मागणीच्या नाण्यांत गणला जातो.

### स्थिती

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन सेंटसाठी मांडलेली १ ते ७० गुणांची श्रेणी आज जगभर नाण्यांसाठी वापरली जाते. पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या संस्था शुल्क घेऊन नाणे तपासतात व दर्जा लिहून पारदर्शक पेटीत बंद करतात. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटाचे टोक व वस्त्रावरील नक्षी यांची झीज प्रथम पाहिली जाते. घासून चकचकीत केलेले नाणे मूळ काळसर पापुद्रा असलेल्या नाण्यापेक्षा कमी किमतीचे ठरते. कडी डाखल्याची खूण, भोक अथवा सोनाराची कानस यांमुळे संग्रहमूल्य बहुतांशी संपते व केवळ धातुमूल्य उरते.

### बनावट

दुर्मीळ सालांची बनावट नाणी पुष्कळ आहेत. साल बदलणे हा जुना प्रकार असून साच्यात ओतलेली नाणी हा दुसरा. वजन, जाडी, व्यास (सुमारे ३०.५ मिमी), काठावरच्या खाचा व आवाज यांवरून प्राथमिक पारख होते. चांदीवर लोहचुंबक चालत नाही. नाणे चुंबकास चिकटल्यास ते निश्चित बनावट होय, मात्र न चिकटल्याने ते खरे ठरत नाही. टांकसाळींनी जुन्या साच्यांवरून मागाहून पाडलेले नमुनेही बाजारात असून ते मूळ नाण्यांपासून वेगळे मोजले जातात.

## कायदेशीर बाजू

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. मालक पुढे न आल्यास व निधी शंभर वर्षांहून जुना ठरल्यास तो शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यात वाटला जाऊ शकतो. करार नसेल तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला निधी हवा असल्यास धातूचे मोल व त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन तो घेता येतो. येथे मोबदला धातुमूल्यावर ठरतो, लिलावमूल्यावर नाही. माहिती दडवणे हा गुन्हा आहे. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या ठिकाणी सापडलेली व कळवली न गेलेली २१६ सुवर्णनाणी पोलिसांनी २०२१ मध्ये ताब्यात घेतली होती.

पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. अशा नाण्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे भारतातील राणीछाप रुपया परदेशी लिलावात विकून मोठी किंमत मिळवण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे, व परदेशातील किमतींची येथील किमतींशी थेट तुलना करता येत नाही.

### फसवणूक

जुनी नाणी लाखो रुपयांना घेऊ, असे सांगून आधी नोंदणी शुल्क, कर वा दलालीच्या नावाखाली पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर सावधगिरीचा इशारा दिला. आपण अशा व्यवहारांत नसतो, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. नाणी विकत घेणारा स्वतः पैसे देतो. विकणाऱ्याकडे आगाऊ पैसे मागणारा खरेदीदार हे फसवणुकीचे ठळक लक्षण मानले जाते.

## संग्रहालये व अभ्यास

मुंबईतील भारतीय रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे ब्रिटिश भारतातील रुपये पाहता येतात. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राचे अध्ययन व संशोधन करणारी स्वतंत्र संस्था आहे. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळात मराठाकालीन नाण्यांचा संग्रह आहे. घरातील नाणे न घासता, साल व टांकसाळीची खूण टिपून, वजन करून अशा ठिकाणच्या वा प्रकाशित सूचींतील नमुन्यांशी ताडून पाहणे हा मूल्य जाणून घेण्याचा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा मार्ग होय.